फिल्टर अजून बारीक केला तर? आणि चोक झाल्यावर बायपास केला तर?

प्रश्न थोडक्यात असा आहे, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. प्रश्नकर्ते नवीन ज्युनिअर इंजिनिअर आहेत, जहाजावर बॅलास्ट लाईनवर (बॅलास्ट म्हणजे जहाज स्थिर राहावं म्हणून टँकमध्ये घेतलेलं पाणी, त्याबरोबर एका बंदरातले बारीक जीव दुसऱ्या बंदरात जातात) ४० मायक्रॉनचा ऑटोमॅटिक फिल्टर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्यापुढे जीव मारायला यूव्ही म्हणजे अल्ट्राव्हायोलेट दिवे आहेत. त्यांचं म्हणणं, यूव्हीचे दिवे, पॉवर, सेन्सर, एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा फिल्टरच ५ मायक्रॉनचा का लावत नाहीत, जीव आतच आले नाहीत तर मारायचा प्रश्नच नाही. आणि दुसरं, गढूळ पोर्टमध्ये फिल्टर दर थोड्या वेळाने चोक होतो, तेव्हा तो बायपास करून म्हणजे वगळून बॅलास्टिंग (टँकमध्ये पाणी भरणं) चालू ठेवलं तर असं काय बिघडतं, आत जाणार तो गाळच तर आहे.

मी बरीच वर्षं बल्क कॅरिअरवर काढलीत, आधी सेकंड इंजिनिअर म्हणून आणि आता चीफ इंजिनिअर म्हणून, आणि हे दोन्ही प्रश्न मलाही पडले होते. पण मला वाटतं हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे: हा फिल्टर तिथे नक्की कशासाठी बसवलाय? ते डोक्यात बसलं की बायपासचं उत्तर आपोआप येतं.

आधीच सांगतो, यातलं बरंचसं सिस्टिम कुठली आहे, जहाज कुठल्या पाण्यात फिरतं, टँकची रचना कशी आहे यावर आहे. फिल्टर नसलेल्याही अ‍ॅप्रूव्ह्ड सिस्टिम आहेत. त्यामुळे माझं सगळंच्या सगळं तुमच्या जहाजाला लागू पडेलच असं नाही, तुमच्या जहाजाचा बॅलास्ट वॉटर मॅनेजमेंट प्लॅन आणि मेकरचं मॅन्युअल यांचा शब्द माझ्या शब्दाच्या वर.

आता ५ मायक्रॉन. कागदावर छान दिसतं. पण भोक ४० वरून ५ वर आणलं की एका भोकाचं क्षेत्रफळ ६४ पटीने कमी होतं, म्हणजे तेवढीच मोकळी जागा ठेवायची तर ६४ पट भोकं लागतात, आणि प्रत्येक भोकाच्या भोवती तार किंवा धातू आलाच, म्हणजे तेवढी मोकळी जागा प्रत्यक्षात मिळतच नाही, वर बारीक भोकातून पाणी ढकलायला प्रेशर जास्त लागतं ते वेगळंच. फिल्टरचं घर तुमच्या पंप रूममध्ये मावणार नाही. तरी समजा मावलं. खरी अडचण पुढे आहे, ती म्हणजे चिखल. भूगर्भवाले ज्याला सिल्ट म्हणतात ते कण साधारण ४ ते ६३ मायक्रॉनचे असतात. म्हणजे आपल्याला जे जीव अडवायचेत त्यांच्याच मापाचा गाळ बंदराच्या पाण्यात तरंगत असतो. ४० ची जाळी यातला बराचसा गाळ मुकाट्याने जाऊ देते, म्हणून ती चालते. ५ ची जाळी जवळजवळ सगळाच धरून बसणार. साधा हिशोब करा, पंप ताशी १००० घनमीटर आणि पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम गाळ (नदीच्या मुखाशी एवढा सहज मिळतो), तर तासाला ५०० किलो चिखल त्या लाईनमधून जातो. तो सगळा जाळीवर थांबला तर बॅकफ्लश (पाणी उलटं सोडून जाळी धुणं) कितीही चांगला असला तरी पुरा पडणार नाही.

आणि एवढं करूनही बॅक्टेरिया जाणारच, ते एक-दोन मायक्रॉनचे, काही त्याहून लहान. ज्यासाठी हा खटाटोप चाललाय त्यात कॉलराचा व्हिब्रिओसुद्धा आहे, तो ५ च्या भोकातून आरामात निघतो. इथे एक गंमतीशीर गोष्ट मात्र आहे. बांगलादेशात रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी सुती साडी चार-आठ पदरी घडी करून त्यातून पाणी गाळायला लावलं, २००३ मध्ये ते छापून आलं, कॉलराच्या केसेस जवळजवळ निम्म्या झाल्या. घडी केलेल्या साडीची भोकं सुमारे २० मायक्रॉनची, बॅक्टेरियापेक्षा कितीतरी मोठी. मग जमलं कसं? कारण व्हिब्रिओ पाण्यातल्या कोपेपॉड नावाच्या बारीक जीवांना चिकटून राहतो, कोपेपॉड अडला की त्याच्यावरचे व्हिब्रिओपण अडतात. आपल्या फिल्टरचंही थोडं असंच आहे, तो भोकाच्या मापापेक्षा थोडं जास्तच काम करतो. पण निम्मं म्हणजे सगळं नाही, त्यामुळे पुढे मारायची पायरी लागतेच.

आता उलट बाजूने बघा, फक्त यूव्ही किंवा फक्त क्लोरीन का नाही? कारण मोठा जीव मारायला अवघड असतो. यूव्हीचा प्रकाश त्याच्या अंगात पार आतपर्यंत पोचत नाही. क्लोरीन सोडलं तर शिंपल्यासारखे प्राणी कवच मिटून घेतात आणि बराच वेळ तसेच बसून राहतात. म्हणजे मारायच्या पायरीला जे सगळ्यात जड जातात ते मोठे जीव, आणि फिल्टरला जे सगळ्यात सोपे तेही मोठेच. लहान जीव फिल्टरला सापडत नाहीत पण यूव्हीला, क्लोरीनला लगेच बळी पडतात. दोघांनी काम वाटून घेतलंय. फिल्टर हा पाणी स्वच्छ करायला नाहीये, पुढच्या पायरीला झेपेल एवढंच काम तिच्याकडे पाठवायला आहे. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी बाकीचं तुमचं तुम्ही काढाल.

नियमाचे आकडे बघितले तरी हीच वाटणी दिसते. डी-२ म्हणजे आयएमओचा (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा) बॅलास्ट बाहेर सोडण्याचा जो स्टँडर्ड आहे त्यात ५० मायक्रॉन आणि त्याहून मोठे जिवंत जीव एका घनमीटरमध्ये १० पेक्षा कमी पाहिजेत. १० ते ५० मायक्रॉनवाले एका मिलिलिटरमध्ये १० पेक्षा कमी. एकदा घनमीटर आहे आणि एकदा मिलिलिटर, हा फरक नवीन लोक हमखास चुकवतात, एका घनमीटरमध्ये दहा लाख मिलिलिटर असतात. त्याशिवाय विषारी व्हिब्रिओ कॉलरी १०० मिलिलिटरला १ पेक्षा कमी, ई. कोलाय २५० पेक्षा कमी, एन्टेरोकोकाय १०० पेक्षा कमी. आणि ते ५० मायक्रॉन मोजतात जीवाच्या सगळ्यात कमी मापावर, लांबीवर नाही. एखादा लांबट सडपातळ जीव उभा आला तर ४० च्या भोकातून सरळ पार होतो, मऊ अंगाचा असेल तर दबून निघतो. म्हणून ‘४० ची जाळी आहे म्हणजे ५० च्या वरचं काहीच आत नाही’ हे समीकरण खरं नाही.

काही जण विचारतात की मग फिल्टर डिस्चार्जलाच लावा ना, बाहेर सोडताना गाळून सोडा. हे मला स्वतःला कळायला वेळ लागला होता, पण कळल्यावर पूर्ण सिस्टिमकडे बघायची नजर बदलली. फिल्टर जे अडवतो ते नष्ट होत नाही, ते बॅकफ्लशच्या पाण्याबरोबर ओव्हरबोर्ड म्हणजे जहाजाबाहेर जातं. पाणी घेताना हे झालं तर ते जीव जिथले होते तिथेच, त्यांच्याच पाण्यात परत गेले, कोणाचं काही बिघडलं नाही. डिस्चार्जला हेच केलं तर परक्या बंदरात आपण अडवलेले सगळे जीव एकगठ्ठा सोडून दिले. म्हणून डिबॅलास्टिंगच्या म्हणजे बॅलास्ट बाहेर सोडायच्या वेळी पाणी फिल्टरला वगळून जातं आणि यूव्हीतून मात्र दुसऱ्यांदा जातं. आणि म्हणूनच पाणी घेतानाचे ते काही तास एवढे मोलाचे, फिल्टरला काम करायची संधी तेव्हा एकदाच मिळते. ती गेली की पुढच्या बंदरात ती परत मिळवता येत नाही.

हे सगळं कशासाठी, तर बॅलास्टमधून आलेल्या जीवांची उदाहरणं आहेत. झेब्रा मसल हा काळा समुद्र-कॅस्पियन भागातला नखाएवढा शिंपला, उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्समध्ये १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये सापडला, आणि काही वर्षांत तिथल्या पाणीपुरवठ्याच्या आणि पॉवर प्लँटच्या इनटेक पाइपा त्याच्या थरांनी भरल्या. त्याची कवच धरलेली अळी साधारण ७० मायक्रॉनपासून पुढे असते, म्हणजे आपली जाळी नीट असेल तर ती अडते. तेव्हा जहाजांवर जाळी नव्हती. उलट दिशेचं उदाहरण नेमिऑप्सिसचं, अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची कोम्ब जेली, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काळ्या समुद्रात पोचली, माशांची अंडी आणि माशांचं खाद्य दोन्ही खात सुटली आणि त्याच दशकाच्या शेवटी तिथली अँकोव्हीची मासेमारी कोसळली. त्यात जास्त मासेमारीचाही हात होता, सगळा दोष जेलीवर टाकणं बरोबर नाही, पण ही जेली स्वतःच नर आणि स्वतःच मादी असते, एकटी असली तरी प्रजा वाढवू शकते. बाकीच्या बऱ्याच जीवांना नवीन ठिकाणी जम बसवायला पुरेशी संख्या लागते, जोडीदार सापडावा लागतो, म्हणून संख्या कमी ठेवणं हाच या नियमाचा पाया आहे. या नियमाने शून्य मागितलेलं नाही, शून्य जमणारही नाही.

तर इथपर्यंतचं एका दमात: बारीक फिल्टर गाळाने मरतो आणि तरीही बॅक्टेरिया सोडतो, नुसती यूव्ही मोठ्या जीवांपुढे कमी पडते, दोन्ही मिळून जमतं, आणि फिल्टरची वेळ फक्त पाणी घेताना.

आता बायपास, जो खरा तुमचा रोजचा त्रास आहे.

समजा चोक झाला, बायपास उघडला, पंप सुरळीत चालला, चीफ ऑफिसर खूश. आत काय गेलं? गाळ गेला, आणि गाळाबरोबर ते सगळे मोठे जीव गेले ज्यांच्यापुढे यूव्ही कमी पडते. वर त्याच गाळाने पाण्यातून प्रकाश जाणं कमी केलं, म्हणजे यूव्ही आधीच दुबळी झाली आणि नेमक्या त्याच वेळी तिच्यावर जास्त काम पडलं. गाळाच्या कणाच्या सावलीत बसलेला जीव वाचतो. क्लोरीनवाली सिस्टिम असेल तर गाळातले सेंद्रिय पदार्थ क्लोरीन खाऊन टाकतात, टीआरओ म्हणजे पाण्यात उरलेल्या क्लोरीनचा आकडा पडतो, मग डोस वाढवा. आणि टँकच्या तळाशी जो चिखल बसतो त्यात काही शेवाळवर्गीय जीवांच्या सिस्ट राहतात, डायनोफ्लॅजेलेट म्हणतात त्यांना, बी पडल्यासारख्या त्या महिनोन्महिने टिकतात, यातले काही विषारी असतात आणि शिंपल्यांमार्फत माणसाच्या पोटात जातात. त्यामुळे ‘गाळच तर आहे’ हे मला पटत नाही. तो चिखल पुढे तुम्हालाच ड्राय डॉकमध्ये फावड्याने काढायचाय आणि तोपर्यंत तेवढं कार्गो कमी न्यायचंय.

शिवाय एकदा असं पाणी टँकमध्ये गेलं की तो टँक आणि ती लाईन घाण झाली. पुढच्या पोर्टला स्वच्छ पाणी व्यवस्थित ट्रीट करून त्याच टँकमध्ये भरलं तरी खाली आधीचं उरलेलं आहेच, त्यात मिसळलं की तेही भरवशाचं राहिलं नाही. अशा गढूळ, त्रासदायक पाण्यासाठी आयएमओने २०२४ मध्ये जी अंतरिम गाइडन्स काढली त्याचा रोखच हा आहे, की बायपास हा शेवटचा उपाय, आधी बाकीचे प्रयत्न करा, केले ते लिहा, आणि बायपास केलाच तर पुढे खोल समुद्रात ते पाणी बदला आणि बदलताना ट्रीटमेंट चालू ठेवा, म्हणजे टँक आणि लाईन परत शुद्ध होतील. एक्सचेंजचं माप जुनंच आहे, शक्यतो किनाऱ्यापासून २०० सागरी मैल आणि २०० मीटर खोली, पाण्याचा ९५ टक्के भाग बदलायचा, फ्लो-थ्रू म्हणजे भरलेल्या टँकमध्ये नवीन पाणी ढकलून जुनं ओसंडून काढत असाल तर टँकच्या तिप्पट पाणी. हे सगळं करायला किती तास पंप चालणार ते मोजा, मग बंदरात वाचवलेला एक तास किती महाग पडला ते कळेल. लपवणं तर डोक्यातही आणू नका, कंट्रोल युनिट बायपास व्हॉल्व्ह कधी उघडला ते साठवून ठेवतं, तो डेटा २४ महिने ठेवणं बंधनकारक आहे, पोर्ट स्टेटवाला म्हणजे त्या बंदराच्या देशाचा तपासनीस आला की बॅलास्टचं रेकॉर्ड बुक आणि डेटा शेजारी शेजारी ठेवून बघतो.

मग चोक होतोय तेव्हा करायचं काय? मी ज्या क्रमाने बघतो तसं सांगतो.

जाळीकडे नाही, आधी प्रेशरकडे बघा. बॅकफ्लश कसा चालतो, फिल्टरच्या आतलं प्रेशर जास्त आणि ओव्हरबोर्ड लाईनचं कमी, या फरकावर पाणी उलटं जाळीतून जोरात बाहेर जातं आणि चिकटलेलं घेऊन जातं. फरक कमी झाला की बॅकफ्लश होतो पण धुतला जात नाही. कार्गो उतरवायच्या सुरुवातीला नेमकं हेच होतं, बॅलास्ट टँक रिकामे, वर एकदम चार टँकचे व्हॉल्व्ह उघडे, लाईनला बॅकप्रेशरच नाही, आणि जहाज भरलेलं म्हणून खोल बसलेलं, बॅकफ्लशचं तोंड पाण्याखाली, बाहेरच्या पाण्याचं वजन उलटं ढकलतंय. एका जहाजावर आम्ही दोन पोर्टमध्ये फिल्टरचे एलिमेंट (आतले जाळीचे सुटे भाग) काढून काढून धूत होतो, हात सोलून निघाले, आणि शेवटी उपाय काय निघाला तर फिल्टरनंतरचा व्हॉल्व्ह थोडा बंद करून इनलेट प्रेशर मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमान आकड्याच्या वर ठेवणं. फ्लो थोडा कमी झाला पण अलार्म जवळजवळ थांबले. तेव्हापासून बॅकफ्लश चालू असताना प्रेशर गेज किती खाली येतो हे मी स्वतः उभा राहून बघतो, स्क्रीनवरचं सरासरी बघून ते कळत नाही.

दुसरं, पाणी कुठून घेताय. सी चेस्ट म्हणजे जहाजाच्या अंगातलं समुद्राचं पाणी आत घ्यायचं तोंड, उथळ बर्थला (धक्क्याला) खालचा, लो सी चेस्ट वापरणं म्हणजे तळाचा चिखलच ओढणं, हाय सी चेस्ट पाण्याखाली पुरेसा असेल तर त्यावर जा. शेजारी टग काम करत असेल, दुसरं जहाज धक्का सोडून निघत असेल तर तेवढा वेळ थांबा, प्रॉपेलरने तळ ढवळला जातो आणि अर्ध्या तासात पाणी बऱ्यापैकी निवळलेलं मी पाहिलंय. भरती-ओहोटीचाही फरक पडतो, प्रवाह जोरात असताना गाळ जास्त उठतो आणि पाणी थांबलेलं असताना कमी, पण प्रत्येक बंदराचं वेगळं असतं, तिथल्या आधीच्या नोंदी बघा, नसतील तर तुम्ही लिहायला सुरुवात करा.

तिसरं, आणि हे इंजिन रूममध्ये बसून सुटत नाही, चीफ ऑफिसरशी आधी बोला. बर्थला किती बॅलास्ट लागणारच आहे, स्टॅबिलिटीसाठी, ताणासाठी, क्रेनखाली एअर ड्राफ्टसाठी (पाण्यावरची उंची कमी ठेवायला), आणि किती बाहेर स्वच्छ पाण्यात जाऊन घेता येईल? बरेचदा सगळं पाणी बर्थलाच घ्यायचं हे फक्त सवयीने चाललेलं असतं. कधीकधी मात्र खरंच पर्याय नसतो, हवामान खराब आणि बाहेर निघताना प्रॉपेलर बुडालेला असायलाच हवा, तिथे जहाजाची सुरक्षितता पहिली, याबद्दल वाद नाही. पण ते पोर्टला पोचायच्या आधी बसून ठरवा, अलार्म वाजत असताना फोनवर नको. फ्लो निम्मा करून वेळ दुप्पट लागला तरी कार्गोच्या वेगाला पुरतो का, एवढंच बहुतेक वेळा तपासायचं असतं.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाहीत पण मला सांगायचीच आहे. डीपी, म्हणजे फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रेशरमधला फरक, वाढला की सगळे धावतात. मला जास्त काळजी वाटते ती डीपी अचानक छान झाला की. एका जहाजावर आठवडाभर चोक-चोक चाललेला फिल्टर एका सकाळी एकदम शांत झाला, डीपी जवळजवळ शून्य, अलार्म नाही, बॅकफ्लश क्वचित. सगळे खूश होते, मीही. दोन दिवसांनी यूव्हीची इंटेन्सिटी कमी दाखवायला लागली, चेंबर उघडला तर आत वाळू आणि शिंपल्यांचा चुरा, आणि फिल्टर उघडला तर एका एलिमेंटची जाळी बोटभर फाटलेली. वाढलेल्या डीपीवर तसंच जोर लावत चालवल्यामुळे ती फाटली होती, आणि मधल्या दोन दिवसांत जे पाणी भरलं ते सगळं फाटक्या जाळीतून. ते टँक आम्ही पुढे समुद्रात एक्सचेंज केले आणि रेकॉर्ड बुकमध्ये जसं झालं तसं लिहिलं. त्यामुळे स्वच्छ पाण्यात, ठरलेल्या फ्लोला, तुमच्या फिल्टरचा नॉर्मल डीपी किती हे एकदा लिहून ठेवा. त्याच्या खाली गेला तर चांगलं झालं असं समजू नका, उघडून बघा.

आणि काम संपलं की फिल्टर खाऱ्या, गढूळ पाण्याने भरलेला तसाच सोडू नका. गोड्या पाण्याने फ्लश करून ठेवा. आत राहिलेला चिखल वाळला की जाळीवर सिमेंटसारखा बसतो, मग पुढच्या पोर्टला पहिल्या दहा मिनिटांत अलार्म, आणि आपण म्हणतो हे पोर्ट गढूळ आहे, तो गाळ मागच्या पोर्टचा असतो.

तुमच्या बाबतीत नेमकं काय चाललंय ते लांबून सांगणं कठीण आहे. फिल्टर कँडलचा (मेणबत्तीसारख्या उभ्या जाळ्यांचा) आहे की जाळीला आतून सक्शन नोझल फिरतो तसा आहे, बॅकफ्लशच्या वेळी इनलेट प्रेशर कितीवर येतं, ओव्हरबोर्डचं तोंड पाण्याच्या किती खाली असतं, आणि चोक होतो तो बॅलास्टिंग सुरू झाल्या झाल्या की तासाभराने, एवढं इथे लिहा. सुरुवातीलाच होत असेल तर माझा संशय बॅकप्रेशरवर आणि वाळलेल्या गाळावर आहे, तासाभराने होत असेल तर पाणीच तसं आहे, मग फ्लो आणि सी चेस्टचं बघावं लागेल.